न मोजलेले मृत



आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. तत्पूर्वी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत येथील गरिबांनी सरकारी कामांवर खडी फोडली व मापून वाढलेले अन्न खाल्ले. त्याच सुमारास मुंबई-पुण्याकडे प्लेगच्या छावण्या पडल्या होत्या. अशा छावण्यांचा अनुभव असलेले हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकीय अधिकारी पुढे दक्षिण आफ्रिकेतील युद्धछावण्यांची व्यवस्था लावण्यास बोलाविले गेले. म्हणून ती हकीकत आपणांस अगदीच परकी नाही.

इंग्रज व बोअर यांचे युद्ध १८९९ मध्ये जुंपले. सेनापती किचनेर याने बोअरांची शेते-घरे जाळून त्यांची बायकामुले छावण्यांत कोंडली. त्यांत सुमारे २८,००० बोअर मेले. पैकी २२,००० हून अधिक सोळा वर्षांखालील मुले होती. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने १९०१ मध्ये हे विलायतेत उघड केले. धन्य ती बाई! परंतु त्याच मळ्यांवरील काळ्या मजुरांनाही उचलून वेगळ्या छावण्यांत टाकले होते. तेथे ती गेली नाही आणि सरकारने नेमलेले फॉसेट मंडळही गेले नाही.

गोऱ्यांस शिधा, निकृष्ट का होईना, फुकट मिळे. काळ्यांनी मात्र तो विकत घ्यावा अथवा पिकवावा, आणि पुरुषांनी लष्कराची मजुरी करावी, असा दंडक होता. १९०२ च्या मध्यास असे १,१५,००० लोक छावण्यांत होते. त्यांचे नोंदलेले मृत्यूच १४,००० हून अधिक. पुढील संशोधकांनी तो आकडा २०,००० पलीकडे नेला. मुळात नोंदच धड ठेविली नव्हती. बोअर बायकामुलांचे स्मारक ब्लूमफॉन्टीन येथे १९१३ मध्येच उभे राहिले. काळ्यांच्या थडग्यांची विचारपूस कित्येक दशके कोणी केली नाही. ज्या देशात मसणवटाही जातवार असतो, तेथील माणसास याचे नवल वाटू नये.

आता ३१ मे १९०२ च्या तहाचे आठवे कलम पाहा. स्वराज्य दिल्यानंतरच काळ्यांच्या मताधिकाराचा प्रश्न ठरवावा, असे जेते आणि जित यांनी मिळून त्यात लिहिले. आधी स्वराज्य, मग तुमचे हक्क, ही भाषा बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत का मानली नाही, हे येथे उमगते. ट्रान्सवाल व ऑरेंज प्रांतातील गोऱ्यांस स्वराज्य १९०७ मध्ये मिळाले. तेथील काळ्या माणसाने देशाच्या निवडणुकीत पहिले मत टाकले ते १९९४ मध्ये.