दुसरे दार उघडे आहे काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



समाजवाद चांगला की खुला बाजार, हा वाद शहरातल्या सभागृहांत शंभर वर्षे चालला आहे. पण ह्या दोन्ही पद्धती अंगावर घेतलेला माणूस त्या सभागृहात नसतो. तो इथे बसला आहे. महाराष्ट्राच्या कापूस उत्पादकाने दोन्ही भोगल्या आहेत. म्हणून आज आपण पुस्तकातले नाही, कापसातले बोलू.

1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू चांगला सांगितला गेला. व्यापारी-दलाल मधून काढायचे, सगळा कापूस सरकारने घ्यायचा आणि रुई-सरकीच्या विक्रीतला फायदा शेतकऱ्याला द्यायचा. झाले काय? खरेदीदार एकच उरला. ग्रेडरने दर्जा खाली लावला तरी गाडी वळवायला दुसरी जागा नाही. चुकारे हप्त्याहप्त्याने. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला, तर आपल्याच घामाचा कापूस सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा! आणि बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस व्यापारी इकडे आणून योजनेच्या माथी मारत. चढ्या भावाच्या वर्षी कापूस बाहेर, पडत्या भावाच्या वर्षी आत. अशी योजना तोट्यात गेली नसती तरच नवल. 2002 साली खाजगी खरेदीला परवानगी मिळाली आणि एकाधिकार संपला.

मग बाजार खुला झाला काय? एप्रिल 2010 मध्ये भाव चढत असताना केंद्राने कापसाची निर्यात रोखली. मार्च 2012 मध्ये पुन्हा निर्यातबंदी. ऑगस्ट 2025 मध्ये, वेचणी तोंडावर आली असताना, कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले, ते डिसेंबरअखेरपर्यंत. याला खुला बाजार म्हणत नाहीत. भाव चढला की दिल्लीला समाजवाद आठवतो आणि भाव पडला की बाजारपेठेचे नियम आठवतात. दोन्ही वेळा खिसा आपलाच.

पण समाजवादी मित्रांचे एक म्हणणे आम्ही खोटे म्हणणार नाही. ज्या दुकानातून बी आणि खत उधारीवर आणले, त्याच्याच काट्यावर कापूस टाकावा लागत असेल, तर कायद्याने बाजार कितीही खुला असो, त्या शेतकऱ्याला खरेदीदार एकच. हमीभावाने सीसीआयला द्यावा तर 12 टक्क्यांवर ओलावा चालत नाही. पहिल्या वेचणीचा कापूस ओला. वाळवायला जागा नाही, थांबायला पैसा नाही. अशा माणसाला ‘तू स्वतंत्र आहेस’ म्हणणे ही थट्टा आहे.

यावर काही जण म्हणतात, एकाधिकार परत आणा. आमचे उत्तर साधे आहे. एकच दार असणे हा रोग असेल, तर औषध दुसरे दार आहे. त्याच दारावर सरकारी पाटी लावून रोग बरा होत नाही.

तेव्हा लाल झेंडा घेऊन कोणी गावात येवो की शेअर बाजाराचे आकडे घेऊन, त्याला तीन प्रश्न विचारा. भाव पटला नाही तर माल दुसरीकडे नेता येईल काय? पैसे किती दिवसांत मिळतील? आणि भाव चढला तर सरकार आडवे येणार नाही, याची हमी कोण देतो?

आणि आपलेही काम आहे. दहा घरांनी मिळून ओलावा मोजायचे एक यंत्र आणि वाळवणीच्या ताडपत्र्या घ्या. गावोगाव एक वही ठेवा: विक्रीची तारीख, खरेदीदार, ओलावा, भाव, पैसे मिळाल्याचा दिवस. हा हिशेब मायबहिणींच्या हाती द्या. तो चुकणार नाही. पुढच्या मेळाव्याला त्या वह्या घेऊन या. कोणाच्या दारात जाऊन काय मागायचे, ते आपण त्या वह्या समोर ठेवून ठरवू.