गाडी कुणाची?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत शौकाच्या मोटारींवर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कंत्राटी कामगारांवर बोला, बोनसवर बोला, असे आमचे मित्रही म्हणाले. ते बोलायचे आहेच. परंतु तिथे जाण्याची वाट आज आम्ही मोटारीवरून घेणार आहोत.

वडखळ हे दोन रस्त्यांचे गाव. एक रस्ता गोव्याकडे जातो, दुसरा अलिबागेस. शनिवार-रविवारी मुंबईची निम्मी श्रीमंती आपल्या नाक्यावर येऊन खोळंबते. त्या गर्दीत क्वचित एखादी जुनी फियाट दिसते. पॉलिश केलेली, आरशासारखी चकचकीत. माणसे चहाचा पेला हातात घेऊन तिच्याभोवती जमतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "गाडी कुणाची?" आमच्या मते हा प्रश्न अर्धा आहे. पेणच्या गणपतीपुढे उभे राहिल्यावर आपण असे विचारीत नाही. मूर्ती कोणत्या कारखान्यातली, डोळ्यांची आखणी कुणाच्या हातची, असे विचारतो. मूर्तीला जो न्याय आपण लावतो, तो मोटारीला का लावीत नाही?

इटलीत मोटारींचा एक वर्ग आहे, त्याला 'ग्रान तुरिझ्मो' म्हणतात. म्हणजे मोठा प्रवास. दोन माणसे, त्यांचे सामान, शेकडो मैलांची मजल, आणि तीही वेगाने व सुखाने. १९५१ सालची लान्चा ऑरेलिया बी-२० ही या घराण्यातली थोरली समजतात. पुढे फेरारीने या वर्गात नाव कमावले. फेरारीची २५० जीटीओ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ झाली. त्यांतली एक २०१८ साली अमेरिकेतील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापला. पण तिचे अंग कुणी घडवले? मोदेना गावी सर्जिओ स्काल्येत्ती नावाचा पत्राकाम करणारा माणूस होता. लहान वयात शाळा सुटली आणि तो गाड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. त्याच्या कारखान्यातले कारागीर अॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून त्याला वळण देत. अशा कारागिराला तिकडे 'बात्तिलास्त्रा' म्हणतात, म्हणजे पत्रा ठोकणारा. आपल्याकडे त्यालाच आपण डेंटर म्हणतो आणि काम झाल्यावर पैशांसाठी चार खेपा घालायला लावतो.

आता तुम्ही म्हणाल, फेरारी कुठे आणि वडखळ कुठे! खरे आहे. आपल्या वाट्याला आलेली इटालियन गाडी म्हणजे फियाट. ग्रान तुरिझ्मो काही ती नव्हे. पण तिच्यात बसून मराठी माणसाने जो मोठा प्रवास केला, त्याला तोड नाही. दान्ते जाकोसा या इंजिनियराच्या हाताखाली तयार झालेली नवी अकराशे १९५३ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली, आणि पाठोपाठ ती आपल्या कुर्ल्यास आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. तिथे या गाड्या होऊ लागल्या. गोल नाकाच्या गाडीला आपल्या लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ पासून 'डिलाइट' आली आणि १९७४ साली तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. १०८९ सी.सी.चे इंजिन, चाळीसेक घोड्यांची ताकद, मागे कमानपाटे, स्टिअरिंगजवळचा गिअर आणि पुढे सलग बाकासारखी सीट. इटलीने हे रूप साठीच्या दशकातच सोडून दिले. आम्ही शतक संपेपर्यंत ते चालवले.

ही गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. डॉक्टर-वकिलांच्या दारात ती प्रतिष्ठा होती आणि मुंबईच्या रस्त्यावर तीच काळी-पिवळी होऊन हजारो कुटुंबांची भाकरी होती. पहाटे बादलीभर पाण्याने गाडी धुणारा, तिच्यात आरसे आणि देवाची तसबीर लावणारा टॅक्सीवाला पुष्कळदा तिचा मालक नसे. पाळीवर घेऊन चालवीत असे. मग कौतुक कुणाचे अधिक खरे? कागदावर नाव असलेल्याचे, की दिवसाचे बारा तास तिच्यात बसणाऱ्याचे?

ज्या कारखान्यांत ही गाडी झाली, तेथील माणसांचाही इतिहास आहे. तुरिनच्या मिराफिओरी कारखान्यात मार्च १९४३ मध्ये, मुसोलिनीची सत्ता असताना, युद्ध चालू असताना, कामगारांनी संप केला. १९८० साली तिथल्याच कामगारांनी कपातीविरुद्ध पस्तीस दिवस झुंज दिली आणि ते हरले. कुर्ल्याच्या कामगारांचे नेतृत्व पुढे डॉ. दत्ता सामंतांकडे होते. त्यांच्या मार्गाविषयी चळवळीत आजही दोन मते आहेत. परंतु जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गाडीचे वर्ष, रंग, इंजिन नंबर सांगतात; त्या वर्षी तो पत्रा कुणी वाकवला, त्याला पगार काय होता, हे कुणी सांगत नाही.

आता कायद्याचे पाहा. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केला. पन्नास वर्षांवरील गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. मात्र तिने धंदा करायचा नाही. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हवेच्या दृष्टीने मर्यादा योग्यच होती. आम्ही तिच्या विरुद्ध नाही. निदान एक तरी काळी-पिवळी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने आधीच केली होती. तिला यश आले नाही. म्हणजे शौकाची गाडी वारसा ठरली आणि कष्टाची गाडी भंगार.

यंत्राची ही गत, तर माणसाची काय? जुनी मोटार टिकते ती मेस्त्रीच्या हातावर. आपल्या खाऱ्या हवेत पत्रा आतून सडतो. वरून रंग चकचकीत आणि खाली फ्लोअर पोखरलेला. तो कापून नवा पत्रा जोडायचा, जोड दिसू द्यायचा नाही, ही विद्या पुस्तकात नाही. या महामार्गावरच्या एका मेस्त्रीला आम्ही ओळखतो. हॅक्सॉ ब्लेडची जाडी लावून तो पॉइंटचे अंतर साधतो आणि इंजिनाला कान देऊन टायमिंग जुळवतो. आज तो एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहे. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "दादा, तिथं महिन्याच्या महिन्याला पगार येतो." त्याच्या गॅरेजात ना हजेरीपत्रक, ना पीएफ. दहापेक्षा कमी माणसे असली की ईएसआयही सहसा पोहोचत नाही. हाताखालच्या पोराचे बोट गेले तर औषधाचा खर्च मालकाच्या मर्जीवर.

म्हणून आमचे सांगणे असे. जुन्या सुंदर गाड्यांचा शौक करणाऱ्यांचा आम्ही हेवा करीत नाही. चांगल्या वस्तूवर प्रेम करणे हा काही श्रीमंतांचा मक्ता नव्हे. कामगाराने तर ते आधी करावे, कारण ती त्याच्या हातची असते. पण जो मालक क्रोमच्या पट्टीसाठी चोरबाजार पालथा घालतो, त्याने मेस्त्रीची मजुरी घासाघीस न करता त्याच दिवशी द्यावी. दोघा-चौघा शौकिनांनी मिळून एका पोराच्या उमेदवारीचा खर्च उचलावा. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन आलेल्या पोराला वर्षभर अशा मेस्त्रीच्या हाताखाली ठेवावे, विद्यावेतन द्यावे, विमा उतरवावा. आणि गाड्यांचे प्रदर्शन भरेल तेव्हा गाडीपुढच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली मेस्त्रीचे, डेंटरचे, रंगाऱ्याचे नाव लिहावे. या पाटीला खर्च किती? एका ओळीचा.

आपल्या तालुक्यात असे जुने मेस्त्री दोन-चार उरले असतील. त्यांची नावे श्रोत्यांपैकी ज्यांना ठाऊक असतील, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला लिहून द्यावी. त्यांना एकत्र बसवण्याचे काम आम्ही अंगावर घेतो.