थापटणे आणि मडके

(बुद्धपौर्णिमेनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हटले की महाराष्ट्राला संत गोरोबाकाका आठवतात. पण तेरणाकाठचे हे गाव काकांच्याही पूर्वी हजार वर्षांहून अधिक काळ नांदत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'तगर' नावाने त्याचा उल्लेख आहे. येथील त्रिविक्रम मंदिराचा विटांचा गजपृष्ठाकार भाग मूळचा बौद्ध चैत्यगृहाचा असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या भूमीत पुढे विठ्ठलनामाचा गजर झाला, त्याच भूमीत त्यापूर्वी भिक्षू मौन धरून बसत असावेत.

त्या मौनात ते काय करीत? भगवान बुद्धांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग 'सम्यक् स्मृती' हे आहे. पालीत स्मृतीला 'सती' म्हणतात. येथे स्मृती म्हणजे गतकाळाची आठवण नव्हे, तर वर्तमान क्षणाचे अखंड भान. 'सतिपठ्ठान सुत्ता'त या भानाची चार क्षेत्रे सांगितली आहेत: काया, वेदना, चित्त आणि धर्म. श्वास आत येतो, त्याचे भान. अंगावर सुखद वा दुःखद संवेदना उठते, तिचे भान. चित्तात क्रोध आला, तर 'क्रोध आला आहे' याचे भान. क्रोधाला दडपायचे नाही आणि त्याच्यामागे धावायचेही नाही. तो उठतो, राहतो, विरतो, हे साक्षीभावाने पाहायचे. खतपाणी न मिळालेले तण जसे सुकते, तसा न जोपासलेला विकार क्षीण होतो. चित्तशुद्धीची प्रक्रिया ती हीच.

गोरोबाकाकांच्या घरची ती प्रसिद्ध कथा या दृष्टीने पाहावी. संतमेळा जमला असता काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. सारे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. 'हे मडके कच्चे' असा निर्णय झाला. थापटणे सर्वांनाच लागले होते, म्हणजे वेदना सर्वांनाच झाली होती. फरक पडला तो वेदनेनंतरच्या क्षणात. विठ्ठलाशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या भक्ताच्याही मनात 'मी' शिल्लक होता. नामदेवांचा मोठेपणा असा की त्यांनी तो ओळखला आणि विसोबा खेचरांना ते शरण गेले.

दोन्ही मार्गांची परिभाषा वेगळी आहे. संतांनी नामाचा आधार घेतला, बुद्धांनी ईश्वराचा आधार न घेता स्वतःच्या अनुभवाचा घेतला. हा भेद पुसण्याचे कारण नाही. पण चित्त शुद्ध झाल्यावाचून धर्म नाही, याविषयी दोघांचे एकमत आहे.

ही विद्या आपल्या काळात पुन्हा घरी आली. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ साली ती भारतात घेऊन आले. १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी केंद्र उभे राहिले. तेथे दहा दिवसांचे मौन असते. आधी श्वासाचे अवलोकन, मग संवेदनांचे आणि शेवटी सर्वांप्रती मैत्रीभावना. १९९४ साली तिहार कारागृहात एक हजारांहून अधिक बंदी एकाच शिबिराला बसले.

बंदी बसू शकतात, तर आपण का नाही? मराठवाड्याला हा प्रश्न अधिकच लागू आहे. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर येथे दलित बांधवांची घरे जाळली गेली. ती आग घरांना लागण्यापूर्वी मनांत लागली होती. त्या क्षणी कोणी स्वतःच्या मनात डोकावले असते, तर काही घरे तरी वाचली असती.

समरसतेचा विचार व्यासपीठावरून मांडणे सोपे आहे. बांधावरून भांडण झाले, बैठकीत कोणी उणा शब्द बोलला, आपल्याऐवजी दुसऱ्याला दायित्व मिळाले, म्हणजे थापटणे पडते. कार्यकर्त्याचे मडके पक्के की कच्चे, ते तेव्हा कळते. रोज पहाटे दहा मिनिटे श्वासाकडे पाहण्यास खर्च नाही, साधन लागत नाही. सुरुवात तेथून करावी. दुसऱ्याच्या डोक्यावर थापटणे मारणारे समाजात पुष्कळ आहेत. ते स्वतःवर चालविणारे हवे आहेत.