बदलीचा हुकूम आणि आमचीं मुलें

(चिंचवड येथील एका अभ्यासिकेंतील विद्यार्थी व पालक यांच्यापुढें झालेलें भाषण)



या अभ्यासिकेंत तुम्ही दिवसाचे बारा बारा तास पुस्तकें उपसतां, आणि समोरच्या भिंतीवर कलेक्टर-कमिशनरांच्या तसबिरी लावतां. ही हौस आम्हांस वाईट वाटत नाहीं. ज्याच्या आज्याला तलाठ्याच्या ओट्याखालीं जोडे काढून उभें राहावें लागे, त्या घरच्या मुलानें कलेक्टरच्या खुर्चीकडे डोळा लावावा यांत भूषणच आहे. पण खुर्ची मिळाल्यावर त्या माणसाचें पुढें काय होतें, हें तसबीर सांगत नाहीं. तेंच आज आम्ही सांगणार आहों.

एके काळीं सनदी नोकरीची परीक्षा फक्त लंडनला होई. हिंदुस्थानांत ती १९२२ सालीं अलाहाबादेस प्रथम झाली. ज्याच्या बापाला मुलास आगबोटीनें विलायतेस धाडतां येई, तोच साहेब! २६ जुलै १९०२ रोजीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या, तेव्हां लायकीच्या नांवानें केवढी ओरड झाली!

त्या ओरडीला उत्तर म्हणून एकच माणूस दाखवितों, तो तुमच्याच पालिकेंत बसून गेला आहे. राजेश पाटील हे जळगांव जिल्ह्यांतील एरंडोल तालुक्यांतल्या ताडे गांवचे. लहानपणीं शेतमजुरी केली, पाव विकले, आणि पुढें २००५ च्या तुकडींतून ओडिशांत सनदी अधिकारी झाले. आपल्या आत्मकथनाला त्यांनीं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’ असें नांव दिलें. चार बुकें शिकल्याबरोबर घरची बोली विसरणारे आमच्यांत थोडे नाहींत. म्हणून कलेक्टरानें अहिराणी पुस्तकाच्या माथ्यावर घालावी, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. फेब्रुवारी २०२१ पासून ते पिंपरी-चिंचवडचे आयुक्त होते. ज्यांना कोणी दारांत उभें करीत नाहीं अशा तृतीयपंथीयांस पालिकेच्या कामावर घेण्याचें काम त्यांच्याच कारकिर्दींत झालें. आणि ऑगस्ट २०२२ मध्यें त्यांची बदली झाली. अवघें दीड वर्ष!

येथें आकड्यांचीहि एक गोष्ट सांगून टाकतों. केंद्राच्या २०२३ च्या सनदी परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले. निवड झाली १,०१६ जणांची. म्हणजे हजारांत एक. क्लासवाले भिंतीवर त्या एकाची तसबीर लावतात. उरलेल्या नऊशें नव्याण्णवांनीं भरलेल्या फीच्या पावत्या लावीत नाहींत. आईबापांनीं हें ध्यानांत ठेवून मुलाच्या हातांत दुसरी एखादी विद्या अगोदर द्यावी, एवढेंच आमचें सांगणें.

आतां मुख्य मुद्दा. श्रीकर परदेशी हे वैद्यकी शिकलेले गृहस्थ. नांदेडला कलेक्टर असतां त्यांनीं परीक्षेंतील कॉपीविरुद्ध मोहीम चालविली, तें महाराष्ट्रभर गाजलें. २०१२ च्या मे महिन्यांत ते येथें आयुक्त झाले आणि बेकायदा बांधकामांवर त्यांनीं हातोडा उगारला. फेब्रुवारी २०१४ मध्यें, तीन वर्षें भरण्यापूर्वींच, त्यांना येथून हलविण्यांत आलें. लोकांनीं निषेध केला. हुकूम कायम राहिला.

या प्रकरणाला दुसरी बाजू आहे, ती झांकून ठेवणें आम्हांस पसंत नाहीं. हातोडा पडणार होता तीं घरें कोणाचीं? मराठवाड्यांतून, सोलापुराकडून पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत आलेल्या कामगारांनीं अर्धा अर्धा गुंठा घेऊन, पोटाला चिमटा काढून बांधलेलीं त्यांत पुष्कळ होतीं. जमिनीचे तुकडे पाडून विकणारा मात्र पैसे मोजून कधींच बाजूला झाला होता. तेव्हां अधिकारी प्रामाणिक असला म्हणजे गरिबाला न्याय मिळालाच, असें आम्ही म्हणत नाहीं. पण हा गुंता सोडवावयाचा तर त्याला गल्ली न् गल्ली ठाऊक व्हावी लागते, आणि ती ठाऊक होते न होते तोंच बिऱ्हाड गाड्यावर चढतें! १५ ऑगस्ट २०१८ रोजीं निघालेल्या येथील पोलीस आयुक्तालयाचेंच पाहा. चाकणची कारखानदारी त्याच्याच हद्दींत. तेथें २०२२ अखेर पांचवे आयुक्त आले.

कायदा नाहीं असें नाहीं. बदल्यांचा महाराष्ट्राचा कायदा २००५ चा आहे. साधारण मुदत तीन वर्षें, आणि मध्येंच हलवावयाचें तर कारणें लेखी नोंदलीं पाहिजेत, असें तो सांगतो. सर्वोच्च न्यायालयानेंहि ३१ ऑक्टोबर २०१३ रोजीं सनदी नोकरांना ठराविक मुदत द्या, तोंडी हुकूम चालवूं नका, असें बजावलें. त्यानंतर चार महिन्यांच्या आंत परदेशी येथून गेले, हें तारखा पाहून तुम्हीच ताडा.

आणि बदली एकट्या साहेबाची होत नाहीं. मुलाची शाळा अर्ध्या वर्षांत तुटते. म्हातारीं आईबापें गांवींच राहतात. नवरा-बायको दोघें नोकरींत असलीं तर एक चूल नागपुरास, एक पुण्यास. आणि बहुतेक घरांत नोकरी सोडण्याची सूचना बायकोलाच होते. येथें बसलेल्या मुलींना हें आजच ठाऊक असावें, आणि त्यांना सून करून घेणारांनाहि. ही ओढाताण ज्याला सोसत नाहीं तो खुर्ची टिकविण्यासाठीं पुढाऱ्याच्या दारीं जातो, आणि एकदां गेला कीं तेथून परत येतांना त्याची सही त्याची राहत नाहीं.

मार्च २०२२ मध्यें पालिकेची मुदत संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ निवडलेला एकहि नगरसेवक नव्हता. आयुक्त हाच प्रशासक, तोच सभा. अशा काळांत तो कधीं आला, कां गेला, हें विचारणें चावडीवरच्या चौकशा नव्हेत. तो करदात्याचा हक्क आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. पुढच्या वेळीं मुदतीआधीं बदली झाली कीं मोर्चा जरूर काढा, पण दुसऱ्या दिवशीं लेखी कारणाची नक्कलहि मागा. अर्ज कसा लिहावयाचा तें आम्ही सभा संपल्यावर येथेंच बसून दाखवितों. ज्यांना शिकावयाचें असेल त्यांनीं कागद घेऊन थांबावें.