गावकरी आणि गोव्यातील चर्च

गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चर्च उभारली. गावाची जुनी घडी, म्हणजे गावकरी, मात्र टिकून राहिली. सासष्टी-बारदेशात देवळाचे मानकरी असलेले गावकर, म्हणजे गावचे मूळ हक्कदारच, पुढे अनेक ठिकाणी चर्चच्या फेस्ताचे (सणाचे) मानकरी झाले. फेस्ताचा खर्च, मिरवणूक आणि सभासदांचे अंत्यविधी पाहणारे बंधुसंघ म्हणजे कोन्फ्रारिया. कित्येक गावांत बामण, चार्डे, शूद्र या ख्रिस्ती जातींचे संघ वेगळे असत. मिरवणुकीतल्या झग्यांचा रंगही निराळा! बाप्तिस्म्याने सगळ्यांना भावंडे मानणाऱ्या धर्मात हे घडावे, याचे मला फार वाईट वाटते. चर्चमधल्या वरच्या पदांवर तर गोऱ्यांचा पहारा होता. दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात पाद्री होऊ दिले नाही. ते रोमला गेले आणि १६३७ साली तिथे त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली.