गॅलरीतली दोरी



या भाषणाचा विषय कळवल्यावर संयोजकांपैकी एकाचा फोन आला. म्हणाले, "सर, आपल्याकडं फुटबॉल बघतंय कोण?" त्यांचंही खरंच होतं. धर्माबादेत मिरचीचा भाव विचारा, शाळकरी पोरगंही सांगेल. ऑफसाइड म्हणजे काय विचाराल तर भले भले घसा खाकरतील, आणि दोष मिरचीवर टाकतील. तरी मी विषय बदलला नाही. दोन विरोधी संघांच्या पाठीराख्यांनी सामना बघायला एकत्र बसावं की वेगळं, हा प्रश्न बसण्याचा आहे, आणि बसण्याची भानगड आपल्याला चांगली ठाऊक आहे. आता या मंडपातच बघा. उजवीकडं बायका, डावीकडं पुरुष, मधी सुतळीची दोरी. ती कुणी बांधली, कुणाला माहीत नाही. दुपारी बैठक अंथरतानाच कुणीतरी बांधून टाकली असणार. दोरीचं असंच असतं. एकदा बांधली की कुणी सोडत नाही.

मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. त्यातलं शिक्षण कोल्हापुरात झालं, 1984च्या आसपास. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यानं बघितला नाही त्याला समजावून सांगणं अवघड आहे. तिथं संघांची नावंच ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. फुटबॉलचे संघ, आणि नावात तालीम! कुस्तीच्या हौद्यातून उठलेली पोरं बूट घालून मैदानात आली आणि पेठेपेठेची खुन्नसही बरोबर घेऊन आली. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली ईर्षा हा तर दंतकथेचा विषय. राजर्षी शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की गल्ल्या ओस पडतात. वर्ल्ड कप आला की त्याच गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिना समोरासमोर उभे राहतात, चौकाचौकात पुरुषभर उंचीचे फलक लागतात. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

मी पहिल्यांदा त्या स्टेडियमवर गेलो तेव्हा मला कुणीच सांगितलं नाही की कुठं बसायचं. सावली दिसली तिथं बसलो. शेजारी एक म्हातारा, डोक्याला पटका, मांडीवर शेंगांची पुडी. समोरच्या संघाच्या राइट विंगरनं दोघांना चकवून असा काही क्रॉस टाकला की मी न राहवून उठलो आणि टाळ्या वाजवल्या. आजूबाजूची चाळीसेक माणसं माझ्याकडं बघायला लागली. टाळ्या आपोआप बंद झाल्या.

म्हाताऱ्यानं विचारलं, "गाव कुठलं म्हणायचं?"

"धर्माबाद."

"ते कुठं आलं?"

"नांदेडच्या पल्याड. आंध्राच्या शिवेवर."

त्यानं शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, "मग वाजवा की टाळ्या कुणाला बी. फकस्त उठून वाजवू नगासा, मागच्याला दिसत न्हाई."

त्या एका वाक्यावर मी पुढं दोन वर्षं त्या गॅलरीत सुखानं बसलो. पण मी परका होतो म्हणून. मंगळवार पेठेचा पोरगा असतो तर म्हाताऱ्यानं तेच म्हटलं असतं का? मला शंका आहे. शेंगा मात्र दिल्या असत्या बहुतेक.

त्याच कोल्हापुरात हुल्लडबाजीपायी सामने थांबलेत, दगड उडालेत, पोलिसांना लाठ्या उगाराव्या लागल्यात. तिथल्या वर्तमानपत्रांत हंगामात एकदा तरी ही बातमी येते. आणि दर वेळी उपाय एकच सुचतो: यांना इकडं बसवा, त्यांना तिकडं बसवा, मधी पोलीस उभे करा. वरवर शहाणपणाचा वाटतो. मला तो अपुरा वाटतो. का, ते सांगतो. पण आधी माझ्या विरोधातला सगळ्यात मोठा पुरावा मीच मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तरांनी सोयीचं तेवढं सांगितलं.

16 ऑगस्ट 1980. कोलकात्याचं ईडन गार्डन्स. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, कलकत्ता लीगचा सामना. हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी. ही भांडणं नुसती क्लबांची नव्हेत. ईस्ट बंगालच्या मागं पूर्व बंगालातून आलेली घरं, बागानच्या मागं मूळचे पश्चिम बंगालवाले. जेवणात हिल्सा की कोळंबी, इथपर्यंत वाद. त्या दिवशी गॅलरीत दोन्हीकडचे लोक मिसळून बसले होते. उत्तरार्धात ईस्ट बंगालचा दिलीप पालित आणि बागानचा बिदेश बसू यांची मैदानात जुंपली, रेफरींनी दोघांनाही बाहेर काढलं. ठिणगी गॅलरीत पडली. मारामारी सुरू झाली, लोक जीव वाचवायला पायऱ्यांकडं धावले, एकावर एक पडले. 16 माणसं गेली. सकाळी घरून जेवून निघालेली, बहुतेक तरुण पोरं. त्यानंतर कोलकात्यात दोन्हीकडच्यांना वेगळं बसवायला लागले, आणि ते आजतागायत चालू आहे.

म्हणजे एकत्र बसले आणि मेले. झालं, विषय संपला?

संपला नाही. ती माणसं कशानं मेली ते बघा. भांडणानं डोकी फुटली असतील, पण जीव गेले ते चेंगरून. अरुंद वाट, उतरत्या पायऱ्या, मागून येणारा लोंढा. शेजारी कोण बसला होता यापेक्षा बाहेर पडायला वाट कुठं होती, हे तिथं महत्त्वाचं ठरलं.

आता उलटी बाजू. इंग्लंडात शेफील्ड गावी हिल्सबरो नावाचं मैदान आहे. 15 एप्रिल 1989ला तिथं लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांची उपांत्य लढत होती. दोन्हीकडच्यांची गाठ रस्त्यातसुद्धा पडू नये म्हणून पोलिसांनी कुणी कुठल्या बाजूनं यायचं ते आखून दिलं. लिव्हरपूलचे पाठीराखे जास्त, तरी त्यांच्या वाट्याला लहान बाजू आली. समोर मैदानात कुणी उतरू नये म्हणून लोखंडी जाळ्या. आत शिरायला एक बोगदा. तो भरत राहिला, मागचे ढकलत राहिले, पुढचे जाळीला चिकटून गुदमरले. 97 जीव गेले. त्या दिवशी एकाही विरोधकानं कुणावर हात उचलला नव्हता. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला आणि मोठ्या मैदानांवरच्या त्या जाळ्या निघाल्या.

आणि इंडोनेशिया. 1 ऑक्टोबर 2022, मलांगचं कंजुरुहान स्टेडियम. अरेमा विरुद्ध पर्सेबाया. तिथं तर पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना येऊच दिलं नव्हतं. सगळी गॅलरी एकाच रंगाची. घरचा संघ 3-2नं हरला, पोरं मैदानात उतरली, पोलिसांनी गॅलरीवर अश्रुधूर सोडला. लोक फाटकांकडं धावले. फाटकं अरुंद, काही बंद. 135 मेले. शत्रू गावातच नव्हता!

अर्जेंटिनाचं उदाहरण तर मला हसू आणतं. तिथं 2013 साली परक्या पाठीराख्यांना मैदानबंदी झाली. 2018 साली रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स ही दोन हाडवैरी मंडळी लिबर्टाडोरेस चषकाच्या अंतिम फेरीत आली. बोकाची बस स्टेडियमकडं येत असताना रस्त्यातच तिच्यावर दगड आणि बाटल्या पडल्या. शेवटी सामना उचलून कुठं नेला? स्पेनमध्ये, माद्रिदला. ज्या वीरांनी स्पेनच्या जोखडातून दक्षिण अमेरिका सोडवली त्यांच्या नावानं चालणारा चषक, आणि तो खेळवायचा माद्रिदला. तिथं मात्र दोन्हीकडचे लोक आले, वेगवेगळ्या बाजूंना का होईना, आणि सामना धड पार पडला.

आपण फार दूर गेलो. बसण्याच्या जागेवरून भांडण्यात आपण महाराष्ट्रातलेही मागं नाही. 1937 साली मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम नवंकोरं उभं राहिलं आणि पंचरंगी क्रिकेट स्पर्धेतून हिंदूंचा संघ बाहेर पडला, कारण प्रेक्षागृहातल्या जागांचं वाटप. पुढं सत्तरच्या दशकात पुन्हा जागांवरूनच क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचं फाटलं, तेव्हा विदर्भातले शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरं स्टेडियम उभं केलं. खुर्च्यांवरून भांडण आणि त्यातून अख्खं स्टेडियम, असा आपला खाक्या.

कुणी म्हणेल, क्रिकेटवाले सभ्य, फुटबॉलवालेच असे. अजिबात नाही. 1999च्या फेब्रुवारीत ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की अख्खं मैदान रिकामं करून रिकाम्या खुर्च्यांपुढं सामना संपवावा लागला. त्याच्या तीनच आठवडे आधी चेन्नईत पाकिस्तान 12 धावांनी जिंकलं. प्रेक्षक उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, आणि पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. देश तोच, शत्रू तोच, महिनाही जवळपास तोच. चेन्नईच्या लोकांना कुणी दोरी बांधून टाळ्या वाजवायला लावलं नव्हतं.

आणि आपल्या मातीतलं बघायचं तर माळेगावच्या जत्रेतली कुस्त्यांची दंगल घ्या. आखाडा गोल. भोवती पाच-पन्नास गावं बसलेली. लोह्याचा कोण, कंधारचा कोण, उदगीरचा कोण, काही पत्ता लागत नाही. हलगी वाजते, पैलवान शड्डू ठोकतात, धोबीपछाड बसली की विरोधी गावातलाही पटका उडतो. गोल आखाड्याला समोरची बाजू नसते, म्हणून "त्यांची गॅलरी" ही भानगडच तिथं निघत नाही. भांडणं होतात, पंचांच्या निकालावरून होतात, पण ती पंचांशी.

मग माझं म्हणणं काय? उद्या कोल्हापुरात किंवा कोलकात्यात सगळ्यांना सक्तीनं मिसळून बसवा, असं मी म्हणत नाही. सक्तीचा शेजार कुणालाच मानवत नाही. ज्याला आपल्या रंगात, आपल्या ढोलाशेजारी, शिव्या देत बसायचंय त्यानं बसावं. ती मजा मीही घेतलीय आणि माझ्या काही शिव्या इथं सांगण्यासारख्या नाहीत. पण प्रत्येक स्टेडियमात एक गॅलरी अशी हवी की जिथं तिकिटावर रंग नाही. बाप एका संघाचा, पोरगी दुसऱ्या संघाची, शेजारचा कुठलाच नाही, असे लोक जिथं बसतील. सुरुवातीला ती अर्धी रिकामी राहील. राहू द्या. वर्षागणिक ती वाढली तर पोलिसांची रांग तेवढी आखूड होईल. वेगळं बसवणाऱ्यांनी हे एक ध्यानात घ्यावं: आज जे पोरगं दहाव्या वर्षापासून फक्त आपल्याच रंगाच्या माणसांत बसलंय, त्यानं समोरच्याचं तोंड जवळून कधी बघितलेलंच नाही. त्याला समोर दिसतो तो नुसता रंग. दगड रंगावर मारणं सोपं असतं.

तुम्ही धर्माबादकर आहात, तुम्हाला हे मी काय सांगू? जुलै 2010मध्ये आंध्राचे चंद्राबाबू नायडू आणि त्यांचे आमदार गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याकडं निघाले, पोलिसांनी अडवून इथंच गावात आणून ठेवले. त्या दिवसांत गोदावरीच्या दोन्ही काठांना किती ताप होता ते इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. 28 फेब्रुवारी 2013ला बंधाऱ्याच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे. आणि दर वर्षी 1 जुलैला महाराष्ट्र आणि आता तेलंगणा, अशा दोन्ही राज्यांचे अधिकारी त्याच बंधाऱ्यावर एकत्र उभे राहून 14 दरवाजे उचलून घेतात. निकाल सगळ्यांना गोड लागला असं नाही, पण बंधाऱ्यावर दोन गॅलऱ्या नाहीत. आपण इथं तेलुगू बोलणाऱ्याच्या दुकानात मराठीत भाव करतो आणि तो आपल्याला तेलुगूत नाही म्हणतो, दोघांनाही समजतं.

कोलकात्याची गोष्ट मात्र अर्धी राहिली. 2024च्या ऑगस्टमध्ये आर.जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या खुनानं ते शहर पेटलं होतं. 18 ऑगस्टला सॉल्ट लेक स्टेडियमवर ड्युरँड चषकात बागान आणि ईस्ट बंगालची गाठ होती. बंदोबस्त पुरणार नाही या कारणानं सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे पाठीराखे स्टेडियमबाहेर एकत्र जमले, आणि शहरातल्या तिसऱ्या क्लबाचे, मोहमेडनवालेही. त्या मुलीला न्याय मागायला. लाल-सोनेरी आणि हिरवा-मरून एकाच गर्दीत, खांद्याला खांदा लावून, लाठ्या खात. ईडनच्या त्या 16 मृत्यूंना 44 वर्षं आणि दोन दिवस झाले होते. पाठीराख्यांना वेगळं ठेवणारी फाटकं त्या दिवशी बंद होती, सगळे बाहेर रस्त्यावर होते. एकमेकांवर एकही दगड पडला नाही.

आता आपल्या गावाचं. सुटी लागली की इथल्या मैदानावर टेनिस बॉलचे सामने सुरू होतील, गल्लीविरुद्ध गल्ली, वॉर्डविरुद्ध वॉर्ड. संयोजक मंडळी इथं बसली आहेत म्हणून दोन विनंत्या करतो. निदान एका बाजूला दोरी बांधू नका, ज्याला जिथं बसायचं त्याला बसू द्या. आणि मैदानाची दोन्ही फाटकं सामना संपेपर्यंत उघडी ठेवा. मागच्या वर्षी एकाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडं आहे, हे बक्षीस समारंभ उरकेपर्यंत कळलं नव्हतं.