शीतपेयाचा शेअर आणि कामगाराची पुंजी



आजच्या विषयाची बाटली आपल्यापैकी काहींनी सभेला येता येताच रिकामी केली असेल. वैशाखाचे ऊन पाहता त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. परंतु हल्ली निवृत्तीला आलेले कामगार युनियनच्या कचेरीत येऊन विचारतात, "अण्णा, फंडाचे पैसे हाती येताहेत. ऊन तापले की लोक कोला पिणारच. मग त्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले तर काय बिघडले?"

कामगाराने शेअरबाजाराचे नाव काढू नये, असे सांगून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. 2015 पासून भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या रकमेचा काही हिस्सा शेअरबाजारात जातोच आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. ताळेबंद वाचायला मला कोणत्या कॉलेजाने शिकवले नाही. बोनसच्या वाटाघाटींनी शिकवले. 1965 च्या कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के बोनस ठरवला. या दोहोंमधले किती पदरात पडणार, ते हिशेब वाचता येण्यावर अवलंबून असे. तीच विद्या आज इथे वापरू.

प्रथम हे पाहू की हा शेअर घेणारा नेमके काय विकत घेतो. बाटलीत पाणी, साखर, वायू आणि थोडा अर्क असतो. यातले महाग असते ते नाव. म्हणूनच या धंद्याची दोन घरे झाली. एक घर अर्क आणि नाव विकते. दुसरे घर बाटल्या भरते, गाड्या पळवते, दुकानात शीतकपाट ठेवते आणि उधारी वसूल करते. पहिल्या घरात भांडवल थोडे, नफ्याचे प्रमाण मोठे. दुसऱ्या घरात यंत्रे, कर्ज आणि माणसे.

ही वाटणी झाली कशी? कोका-कोला 1886 साली अमेरिकेत अटलांटा शहरी निघाले. 1899 साली मालक आसा कँडलर यांनी बहुतेक साऱ्या अमेरिकेतले बाटलीभरणीचे हक्क दोन वकिलांना एका डॉलरला देऊन टाकले. बाटलीच्या धंद्यात त्यांना फारसा अर्थ दिसत नव्हता. करारात पाकाचा भाव बांधलेला होता. पुढे पहिल्या महायुद्धानंतर साखर भडकली, तेव्हा तो बांधलेला भाव कंपनीलाच जाचू लागला आणि भांडण कोर्टात गेले. 1919 साली 40 डॉलरला विकलेला शेअर वर्षभरात निम्म्याहून खाली आला. त्याच शेअरच्या पुढच्या भाग्याच्या कथा आज सर्वत्र सांगितल्या जातात. पण त्या वर्षी घाबरून विकणाऱ्याला शहाणा म्हणणारेच पुष्कळ निघाले असते.

फ्लोरिडातल्या क्विन्सी गावची कथा आपण ऐकली असेल. तिथले बँकवाले पॅट मन्रो यांनी पाहिले की मंदीतही माणूस पाच सेंट काढून कोला पितोच. त्यांनी गावकऱ्यांना शेअर घ्यायला लावले आणि गावातली कित्येक घराणी श्रीमंत झाली. कथा खरी आहे. पण ज्या गावच्या सावकाराने दुसऱ्याच कंपनीचे शेअर घ्यायला लावले आणि ती कंपनी बुडाली, त्या गावाची कथा कोणी सांगत नाही. विजयी उमेदवाराची मिरवणूक निघते. अनामत जप्त झालेल्याची निघत नाही.

आता आकडे घेऊ. वॉरन बफे यांच्या बर्कशायर कंपनीने 1988 पासून 1994 पर्यंत कोका-कोलाचे शेअर घेतले. एकूण खर्च सुमारे 130 कोटी डॉलर. 1994 साली त्यांवर साडेसात कोटी डॉलर लाभांश मिळाला आणि 2022 साली 70 कोटी 40 लाख. म्हणजे मूळ रकमेच्या निम्म्याहून अधिक एकाच वर्षात परत. हे वाचून तोंडाला पाणी सुटते. पण हाच शेअर 1998 साली शिखरावर असताना ज्याने घेतला, त्याला तो भाव पुन्हा दिसायला सुमारे सोळा वर्षे लागली. कंपनी तीच, पेय तेच; फरक दिलेल्या भावाचा. साठीला आलेल्या कामगाराजवळ सोळा वर्षे थांबायची सवड असते काय?

आपल्या देशातला धोका आणखी निराळा. 1977 साली मुंबईच्या कामगार चळवळीत वाढलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. परदेशी मालकी 40 टक्क्यांवर आणण्याचा आग्रह सरकारने धरला आणि कोका-कोला देश सोडून गेली. त्या रिकाम्या जागेत थम्स अप वाढले. 1993 साली कोका-कोला परतली आणि तिने थम्स अपसह पार्ल्यांची पेये विकत घेतली. अलीकडे 2023 साली रिलायन्सने जुने कॅम्पा दहा रुपयांच्या बाटलीत पुन्हा बाजारात आणले. 2025 साली मे महिन्यातच पाऊस मुंबईला आला आणि ऐन हंगामाची विक्री घसरली. धोरण, प्रतिस्पर्धी आणि ढग, तिघांपुढे हा धंदा उघडा आहे. शिवाय आपल्या बाजारात 2016 पासून जिचा शेअर मिळतो ती वरुण बेव्हरेजेस पेप्सीच्या बाटल्या भरणारी आहे. म्हणजे दुसऱ्या घरातली. अमेरिकेतल्या पहिल्या घराच्या कथा ऐकून इथे दुसऱ्या घराचा शेअर घेऊ नये. घ्यायचा तर त्या घराचे कर्ज आणि यंत्रांचा खर्च पाहून घ्यावा.

आता मला मुख्यतः सांगायचे आहे ते. बाटलीभरणी हे हंगामी काम. फेब्रुवारीत कंत्राटदार माणसे आणतो, पाऊस पडला की घरी पाठवतो. शेअर घेणारा कामगार त्या क्षणी दोन टोप्या घालतो. लाभांश वाढावा असे एक टोपी म्हणते. तो वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे दुसऱ्या टोपीवाल्याची मजुरी दाबणे. म्हणून शेअर घेऊच नये, असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, मालक झालात तर मालकासारखे विचारा. 2022-23 पासून शेअरबाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना कायम कामगार किती, बिगरकायम किती आणि पाणी किती उपसले, हे वार्षिक अहवालात छापावे लागते. एक शेअर असला तरी वार्षिक सभेला जाता येते. तिथे उठून हे आकडे विचारा.

आणि निवृत्तीच्या पुंजीपुरता माझा हिशेब साधा आहे. आजारपण, मुलीचे लग्न, घराचे छप्पर आणि दोन वर्षांचा किराणा एवढे आधी सुरक्षित ठेवीत बाजूला काढा. उरलेल्यातले दहा वर्षे विसरता येईल तेवढेच शेअरमध्ये जावे आणि तेही एकाच कंपनीत नव्हे. ज्या पैशावर म्हातारपणाची भाकरी आहे, तो पैसा उन्हाळ्याच्या भरवशावर टाकू नये.